डेटा आणणाऱ्या कॉम्पोनंटला आपले टाइप ठरवलेले प्रॉप्स कसे द्यायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रिअ‍ॅक्ट (वेबपानं बनवायची लायब्ररी) आणि टाइपस्क्रिप्ट (टाइप तपासणारं जावास्क्रिप्ट) शिकणारे एका ठिकाणी हमखास अडकतात. साधा कॉम्पोनंट (पडद्याचा एक तुकडा बनवणारं फंक्शन) जमतो, सर्व्हरकडून डेटा मागवणंही जमतं. पण जो कॉम्पोनंट स्वतः डेटा आणतो त्यालाच वरून आपले चार प्रॉप्स (पालक कॉम्पोनंटने दिलेली मूल्यं) द्यायचे म्हटलं की एडिटर लाल रेघांनी भरतो, आणि वैतागून कुठेतरी ‘एनी’ (काहीही चालेल, तपासू नको असं सांगणारा टाइप) लिहून पुढं जावं लागतं. त्या एका ‘एनी’ची किंमत नंतर वापरणाऱ्याला मोजावी लागते, म्हणून हे पान सविस्तर लिहिलं आहे.

शक्य तिथं एकच उदाहरण धरलंय: कांद्याचे बाजारभाव दाखवणारी ‘भावपट्टी’. तिला वरून चार गोष्टी मिळतात: बाजार समिती, कांद्याचा प्रकार (लाल किंवा उन्हाळ), तारीख, आणि एखादी ओळ निवडली की चालवायचं फंक्शन. सर्व्हरकडून ती आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर आणते, रुपये प्रति क्विंटल. कोडमधली नावं उच्चारतो तशी लिहिली आहेत.

डेटा आणणारा कॉम्पोनंट म्हणजे नेमका कोणता?

ज्याला दाखवायची माहिती पालक कॉम्पोनंटकडून पूर्ण मिळत नाही, तो. काही भाग वरून मिळतो, उरलेला तो स्वतः मागवतो. मागवण्याची पद्धत कोणतीही असू दे: यूजइफेक्टमध्ये फेच, अपोलोचं (ग्राफक्यूएल या क्वेरी भाषेसाठीची लायब्ररी) यूजक्वेरी, टॅनस्टॅक क्वेरी ही लायब्ररी, किंवा नेक्स्ट जेएसमधला सर्व्हर कॉम्पोनंट. टाइपचा प्रश्न सगळीकडे सारखाच येतो.

दिलेले प्रॉप्स आणि आणलेला डेटा एकाच टाइपमध्ये लिहिले तर काय बिघडतं?

सगळा घोळ इथूनच सुरू होतो, म्हणून याचं उत्तर जरा लांब देतो.

समजा तुम्ही ‘भावपट्टीप्रॉप्स’ नावाचा एकच टाइप केला आणि त्यात समिती, प्रकार, तारीख यांच्या शेजारी आवक आणि तिन्ही दर लिहिले. आता पालक कॉम्पोनंटमध्ये भावपट्टी वापरायला जा. कंपायलर म्हणेल, आवक दिली नाहीस, दर दिले नाहीत. त्याचं बरोबरच आहे, कारण ते सगळं वरून मिळेल असं तुम्हीच लिहून दिलं आहे. मग तक्रार मिटवायला प्रत्येक दरापुढे प्रश्नचिन्ह लावून तो ऐच्छिक केला जातो. लाल रेघ जाते. पण आता आतल्या कोडला प्रत्येक दर ‘असेल किंवा नसेल’ असा दिसतो, म्हणून जागोजागी ‘नसेल तर शून्य धर’ असं लिहावं लागतं. आठवड्याभरात कुणीतरी समितीलाही प्रश्नचिन्ह लावतं, कारण आजूबाजूला सगळ्यांना आहेच. मग समिती न देता भावपट्टी वापरली तरी कंपायलर गप्प राहतो.

हे टाळायचं तर दोन टाइप वेगळे ठेवा. एक ‘दिलेलं’: पालकाने काय द्यायचं. दुसरा ‘आणलेलं’: सर्व्हरने काय द्यायचं. दिलेलं पहिल्या क्षणापासून हजर असतं. आणलेलं आधी नसतं, मग येतं, कधी येतच नाही. ज्यांच्या हजेरीची वेळच वेगळी आहे त्यांना एका ओळीत बसवलं की टाइप खोटं बोलायला लागतो.

दोन्ही एकत्र हवे असतात ते फक्त आतल्या, निव्वळ दाखवणाऱ्या कॉम्पोनंटला. त्याच्यासाठी तिसरा टाइप हाताने लिहू नका, दोन्हींचा छेद घ्या, म्हणजे मध्ये अँडचं चिन्ह. बाहेरची भावपट्टी फक्त ‘दिलेलं’ घेते. आतला ‘भावतक्ता’ ‘दिलेलं आणि आणलेलं’ दोन्ही घेतो, आणि त्याच्यात एकही प्रश्नचिन्ह नसतं.

आमच्याकडे जुना प्रोजेक्ट आहे, ग्राफक्यूएलचं ‘रॅपर’ फंक्शन वापरलंय. त्यात चार जेनेरिक (कोनी कंसात भरायचे टाइप) दिसतात. कुठे काय भरायचं?

हा रिअ‍ॅक्ट अपोलोचा हायर ऑर्डर कॉम्पोनंट, म्हणजे एक कॉम्पोनंट घेऊन त्याला डेटा जोडून देणारं फंक्शन. हुक (कॉम्पोनंटच्या आत बोलवायची ‘यूज’ने सुरू होणारी फंक्शनं) यायच्या आधीचा बराच कोड असा लिहिलेला आहे आणि अजूनही अनेक ठिकाणी चालू आहे. चार जागांचा क्रम असा: पहिल्या जागी पालकाने द्यायचे प्रॉप्स, दुसऱ्या जागी येणारा डेटा, तिसऱ्या जागी क्वेरीचे व्हेरिएबल्स, चौथ्या जागी आतल्या कॉम्पोनंटला शेवटी जे मिळणार ते.

गफलत पहिल्या आणि चौथ्या जागेत होते. आतल्या कॉम्पोनंटचे पूर्ण प्रॉप्स पहिल्या जागी भरले, की वापरणाऱ्याकडे ‘डेटा’ नावाचा प्रॉप मागितला जातो. पहिली जागा दारातून आत येणाऱ्या सामानाची, चौथी घरात जमलेल्या सगळ्या सामानाची.

चौथ्या जागेसाठी तयार टाइप आहेत. ‘चाइल्डप्रॉप्स’मध्ये डेटा ऐच्छिक असतो, ‘चाइल्डडेटाप्रॉप्स’मध्ये तो असतोच. क्वेरीसाठी दुसरा घ्या. अर्ध्या अनावश्यक तपासण्या तिथंच जातात.

आणखी दोन बारकावे. एक, या पद्धतीत तुमच्या क्वेरीतली फील्ड्स लोडिंग, एरर, रीफेच यांच्याच रांगेत, त्याच ‘डेटा’ ऑब्जेक्टमध्ये येऊन बसतात. तुमच्या स्कीमात (सर्व्हरवरच्या डेटाच्या आराखड्यात) ‘एरर’ नावाचं फील्ड असेल तर टक्कर होते. ‘प्रॉप्स’ नावाचं फंक्शन देऊन हवं तेवढंच, हव्या त्या नावाने आत पाठवा. त्या फंक्शनला ‘ओनप्रॉप्स’ही मिळतात, म्हणजे पालकाने दिलेलं आणि सर्व्हरने दिलेलं तिथं शेजारी शेजारी पण वेगळं दिसतं. दोन, ‘ऑप्शन्स’ दिले नाहीत तर क्वेरीतल्या व्हेरिएबलच्या नावाचा प्रॉप आपोआप उचलला जातो. सोयीचं वाटतं, पण नाव बदललं की धागा तुटतो. स्वतः लिहा: प्रॉप्समधून समिती घे, समिती या व्हेरिएबलला दे.

आणि तीन-चार रॅपर ‘कंपोज’मधून एकत्र केले असतील तर तिथून बाहेर पडणारा टाइप ‘एनी’च असतो. त्याच्याशी झगडण्यात दिवस घालवू नका. बाहेर पडणाऱ्या कॉम्पोनंटवर ‘दिलेलं’ हा टाइप स्पष्ट लिहा आणि सवड मिळेल तसा तो भाग हुकवर न्या.

‘क्वेरी’ नावाचा कॉम्पोनंट वापरून, आत फंक्शन देऊन डेटा घेतलाय. त्याला टाइप कसा द्यायचा?

टाइपस्क्रिप्ट २.९ मध्ये, म्हणजे मे २०१८ पासून, जेएसएक्स टॅगच्या नावापुढेच कोनी कंसात टाइप देता येतो. आधी डेटा, मग व्हेरिएबल्स. त्याआधीच्या कोडमध्ये ‘क्लास भावक्वेरी एक्स्टेंड्स क्वेरी’ अशी रिकामी क्लास दिसेल. ती फक्त टाइप अडकवण्यासाठी असायची. तुमचे प्रॉप्स मात्र इथं कुठून पाठवायची गरजच नसते, कारण आतलं फंक्शन तुमच्याच कॉम्पोनंटमध्ये लिहिलेलं असतं आणि त्याला ते थेट दिसतात.

हुक आल्यावर हा प्रश्न संपला ना?

बराचसा. रिअ‍ॅक्ट १६.८ फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं आणि प्रॉप्स नुसते फंक्शनचे आर्ग्युमेंट राहिले. भावपट्टी ‘दिलेलं’ घेते, आत यूजक्वेरी बोलावते, आणलेलं वेगळ्या नावाने मिळतं. मिसळण्याची सक्तीच उरली नाही.

प्रॉप्सचा टाइप आर्ग्युमेंटलाच द्या. ‘रिअ‍ॅक्ट डॉट एफसी’ लिहायची गरज नाही. रिअ‍ॅक्ट १८ च्या टाइपांपर्यंत तो गुपचूप ‘चिल्ड्रन’ जोडायचा, आणि जेनेरिक कॉम्पोनंट लिहायचा झाला तर तो आजही आडवा येतो.

मला मनापासून सुचवावंसं वाटतं ते असं, की यूजक्वेरी थेट भावपट्टीत लिहू नका. ‘यूजभाव’ नावाचं आपलं हुक करा. त्याला तीनच गोष्टी द्या: समिती, प्रकार, तारीख. ओळ निवडल्यावरचं फंक्शन त्याला देऊ नका, कारण डेटा आणण्याशी त्याचा संबंध नाही. ‘दिलेलं’ या टाइपमधून ‘पिक’ने ही तीन नावं उचलली की एका ठिकाणी बदल केल्यावर दुसरीकडे आपोआप होतो.

यूजक्वेरीला कोनी कंसात टाइप दिला. आता डेटा तसाच येईल याची खात्री झाली ना?

नाही. हे नीट समजून घ्या, कारण बऱ्याच अनुभवी लोकांचाही इथं गैरसमज असतो.

टाइपस्क्रिप्टचे टाइप कोड चालताना शिल्लकच राहत नाहीत. ब्राउझरपर्यंत पोचतं ते साधं जावास्क्रिप्ट. फेचच्या उत्तरावर ‘जेसन’ बोलावलं की टाइपस्क्रिप्टच्या लेखी ‘एनी’ मिळतं. त्याच्यावर ‘हे भाव आहेत’ असं लिहिणं म्हणजे पोत्यावर चिठ्ठी चिकटवणं. आत काय भरलंय ते चिठ्ठी बघत नाही.

भावपट्टीत नेमकं काय होऊ शकतं बघा. तुम्ही सर्वसाधारण दर ‘नंबर’ लिहिलाय. सर्व्हर ‘१,८५०’ असा स्वल्पविरामासकट मजकूर पाठवतो. कंपायलर खूश. पडद्यावर आकडा अगदी बरोबर दिसतो. मग कुणीतरी क्विंटलचा भाव किलोत दाखवण्यासाठी १०० ने भागतं, आणि उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नाही’. किंवा दोन दिवसांच्या दरांची बेरीज करायला जावं तर दोन मजकूर एकापुढे एक चिकटतात.

इलाज दोन, आणि ते एकमेकांना पर्याय नाहीत. ग्राफक्यूएल असेल तर स्कीमावरून टाइप तयार करून घ्या. कोडजेन साधन क्वेरीच्या डॉक्युमेंटलाच टाइप जोडून देतं, मग यूजक्वेरीला काहीच लिहावं लागत नाही आणि क्वेरीतून एखादं फील्ड काढलं तर वापरलेल्या जागी लगेच लाल रेघ येते. फक्त तारखेसारखे कस्टम स्केलर (स्कीमात आपण ठरवलेले साधे प्रकार) कोणत्या टाइपचे हे कॉन्फिगमध्ये सांगा, नाहीतर ते सैल राहतात.

साधा रेस्ट एपीआय असेल, त्यातही तो दुसऱ्या कुणाचा असेल, तर आलेला डेटा आत घेताना प्रत्यक्ष तपासा. झॉडसारखी लायब्ररी त्यासाठीच आहे: आधी आकार लिहायचा, त्यावरून टाइप काढून घ्यायचा. ‘आणलेलं’ हा टाइप हाताने लिहिलेला नसेल तर तो आणि तपासणी कधी वेगळे पडत नाहीत. तपासणी होईपर्यंत त्या उत्तराला ‘अननोन’ म्हणा. हा टाइप ३.० पासून, जुलै २०१८ पासून आहे आणि तपासल्याशिवाय हात लावू देत नाही.

दर नसेल तर शून्य दाखवावं की रिकामं ठेवावं?

हा टाइपचाच प्रश्न आहे, आणि माझ्या मते या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा.

एका कामात मी सर्वसाधारण दराला ‘नसेल तर शून्य’ असं लिहिलं होतं. सुटीच्या दिवशी लिलाव झाला नाही, सर्व्हरने ‘नल’ (काहीच नाही) पाठवला, आणि पडद्यावर कांद्याचा भाव ० रुपये झळकला. चूक माझी होती. दुसऱ्या दिवशी गाडी भरून न्यायची की चाळीतच ठेवायची, हे ठरवायला कुणीतरी तो आकडा बघत असतो. शून्य हा भाव आहे. लिलाव बंद असणं ही वेगळी बातमी आहे.

त्यानंतर ‘आणलेलं’ मी कधीच एका सपाट ऑब्जेक्टमध्ये लिहीत नाही. चार अवस्था वेगळ्या लिहितो आणि प्रत्येकीवर ‘अवस्था’ नावाचं लेबल लावतो. ‘येतंय’: सोबत काहीच नाही. ‘चुकलं’: सोबत एरर. ‘लिलाव बंद’: सोबत तारीख. ‘आलं’: सोबत आवक आणि तिन्ही दर, चारही नंबर, एकही ऐच्छिक नाही. यांचा युनियन (यांपैकी कोणतीही एक, असा टाइप) केला की ‘आलं’ हे तपासल्याशिवाय दराला हातच लावता येत नाही, आणि ‘लिलाव बंद’मध्ये तर दर नावाची गोष्टच नसते. तिथं शून्य दाखवायला शून्य येणार कुठून?

स्विच लिहून शेवटी उरलेली अवस्था ‘नेव्हर’ला (ज्यात काहीच बसत नाही अशा टाइपला) नेमून बघा. उद्या पाचवी अवस्था आली, समजा ‘आवक आली, लिलाव बाकी’, तर जिथं जिथं ती हाताळायची राहिली तिथं कंपायलर थांबवेल.

लायब्ररीच्या उत्तरालाही असंच लेबल असतं. टॅनस्टॅक क्वेरीत ‘स्टेटस’ तपासलं की डेटा ‘अनडिफाइंड’ नाही हे कंपायलरला कळतं. टाइपस्क्रिप्ट ४.६ पासून, फेब्रुवारी २०२२ पासून, कॉन्स्टने तुकडे वेगळे काढून घेतले तरी ते कळतं. त्याआधी अख्खा ऑब्जेक्ट धरून ठेवावा लागायचा. जुन्या कोडमधला ‘रिझल्ट डॉट डेटा’ बघून बुचकळ्यात पडू नका.

ग्राफक्यूएलबद्दल एवढं लक्षात ठेवा: तिथं कोणतंही फील्ड मुळात नल असू शकतं, उद्गारचिन्ह लावलं तरच नाही. कोडजेनने प्रत्येक दराला ‘किंवा नल’ जोडलं म्हणून चिडू नका. स्कीमा लिहिणाऱ्याने ते खरंच तसं ठेवलंय का, हे त्याला विचारा.

समिती बदलली तरी आधीच्याच समितीचे दर दिसतात. टाइप तर बरोबर आहेत.

टाइप बरोबर असूनही हे होतं, कारण लासलगावचे दर आणि पिंपळगावचे दर यांचा टाइप एकच आहे. कंपायलरला फरक कळणार नाही.

यूजइफेक्टमध्ये फेच केलं असेल तर आधी डिपेंडन्सीच्या यादीत समिती, प्रकार, तारीख तिन्ही आहेत का बघा. असतील तर शर्यत तपासा. लासलगाव निवडलं, उत्तर यायला वेळ लागला, तेवढ्यात पिंपळगाव निवडलं, त्याचं उत्तर आधी आलं, आणि मागून लासलगावचं येऊन त्याच्यावर बसलं. शीर्षक पिंपळगावचं, भाव लासलगावचा. क्लीनअप फंक्शनमध्ये खूण ठेवा आणि जुनं उत्तर टाकून द्या, किंवा अ‍ॅबॉर्टकंट्रोलरने विनंतीच रद्द करा.

टॅनस्टॅक क्वेरीत ही काळजी ‘क्वेरी की’ घेते, पण ज्या ज्या प्रॉपने उत्तर बदलतं तो प्रत्येक प्रॉप त्या कीमध्ये हवा. एक राहिला की कॅशमधलं जुनं उत्तर मिळतं. नवं येईपर्यंत आधीचा डेटा दाखवत ठेवण्याची सोय वापरत असाल तर ‘इजप्लेसहोल्डरडेटा’ बघून तो फिका करा. शीर्षक नव्या समितीचं आणि आकडे जुन्या समितीचे, हे काही सेकंदही बरं नाही.

तारीख ‘डेट’ म्हणून द्यावी की मजकूर म्हणून?

मजकूर, वर्ष-महिना-दिवस असा. कारणं दोन. क्वेरी कीमध्ये नवा डेट ऑब्जेक्ट प्रत्येक रेंडरला तयार होत असेल तर त्यातले मिलिसेकंद बदलतात, क्वेरी की बदलते, पुन्हा फेच, पुन्हा रेंडर, आणि हे चक्र थांबतच नाही. दुसरं आपल्याकडचं: ‘टूआयएसओस्ट्रिंग’ यूटीसीची वेळ देतं. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत तुमची ‘आजची’ तारीख कालची निघते. बाजारात गाडी लावायला निघणारा माणूस नेमका त्याच वेळी फोन बघतो.

समिती आणि प्रकार दोन्ही स्ट्रिंग आहेत. अदलाबदल झाली तर?

प्रकाराला नुसतं स्ट्रिंग ठेवू नका, ‘लाल’ किंवा ‘उन्हाळ’ असा युनियन करा. मग ‘लासलगाव’ तिथं बसणारच नाही. समितीचा क्रमांक आणि शेतमालाचा क्रमांक असे दोन्ही खुले स्ट्रिंग असतील तर ब्रँडेड टाइप करा: स्ट्रिंगला कल्पित खुणेचं एक फील्ड जोडायचं. टाइपस्क्रिप्ट आकार बघतं, नाव बघत नाही, म्हणून ही खटपट.

एखादा प्रॉप अजून निवडलेलाच नाही. तोपर्यंत क्वेरी कशी थांबवायची?

हुक इफमध्ये टाकता येत नाही, म्हणून प्रश्न येतो. अपोलोत ‘स्किप’ आहे, टॅनस्टॅकमध्ये ‘एनेबल्ड’. पण ‘एनेबल्ड’मुळे टाइप अरुंद होत नाही. फंक्शनच्या आत समिती अजूनही ‘असेल किंवा नसेल’च राहते आणि लोक उद्गारचिन्ह लावून कंपायलरला गप्प करतात. टॅनस्टॅकच्या पाचव्या आवृत्तीतलं ‘स्किपटोकन’ त्यासाठीच आहे: समिती असेल तर फंक्शन द्या, नसेल तर टोकन.

मी बहुतेक वेळा त्याहून साधं करतो. पालकातच बघतो, समिती नसेल तर ‘बाजार समिती निवडा’ असं दाखवतो आणि असेल तेव्हाच भावपट्टी लावतो. मग भावपट्टीत समिती सक्तीची राहते.

एकच यादी कॉम्पोनंट कांदा, सोयाबीन, कापूस सगळ्यांसाठी वापरायचा आहे. जेनेरिक करू का?

करा, पण दाखवणारा कॉम्पोनंट जेनेरिक करा, आणणारा नको. यादीत ज्या टाइपच्या गोष्टी आहेत त्याला ‘टी’ म्हणू. ‘यादी’ला तीन प्रॉप्स पुरतात: टीची रांग, टीवरून की काढणारं फंक्शन, टीवरून ओळ बनवणारं फंक्शन. रांग दिली की टी काय हे टाइपस्क्रिप्ट स्वतः ओळखतं. टीएसएक्स फाइलमध्ये अ‍ॅरो फंक्शन जेनेरिक लिहिताना टीनंतर स्वल्पविराम द्या, नाहीतर कोनी कंस टॅग समजला जातो.

आणणाऱ्याला जेनेरिक करून ‘यूआरएल द्या, टी मिळेल’ असं केलं की टी खरा आहे की नाही हे कुणीच तपासत नाही. ते चिठ्ठीवालं पोतंच झालं. द्यायचंच असेल तर यूआरएलसोबत तपासणारा झॉड स्कीमाही प्रॉप म्हणून मागा, आणि टी त्याच्यावरून काढा.

नेक्स्ट जेएसमध्ये सर्व्हरवर डेटा आणून पानाला प्रॉप्स दिले. डेटची तक्रार का येते?

‘गेटसर्व्हरसाइडप्रॉप्स’ने दिलेलं सगळं जेसन होऊन ब्राउझरकडे जातं. जेसनमध्ये डेट नाही, अनडिफाइंडही नाही, म्हणून नेक्स्ट दोन्हींना अडवतं. तारीख मजकुरात द्या, नसलेल्या गोष्टीला नल द्या. पानाच्या प्रॉप्सचा टाइप हाताने लिहू नका. ‘इन्फरगेटसर्व्हरसाइडप्रॉप्सटाइप’ तो फंक्शनवरूनच काढून देतो.

अ‍ॅप राउटरमध्ये सर्व्हर कॉम्पोनंट असिंक असतो, आतच अवेट करायचं आणि खाली प्रॉप्स द्यायचे. तिथून क्लायंट कॉम्पोनंटकडे डेट, मॅप, सेट जाऊ शकतात, पण साधं फंक्शन जात नाही, सर्व्हर फंक्शन असेल तरच. म्हणून आपली ओळ निवडल्यावरची कृती सर्व्हरवरून भावपट्टीला देता येणार नाही. ती क्लायंटच्या बाजूला लिहा. नेक्स्ट १५ पासून पानाचे ‘पॅरम्स’ प्रॉमिस झालेत, टाइपही तसाच लिहा आणि अवेट करा.

प्रॉप्सची आणि कॉम्पोनंटची नावं देवनागरीत ठेवता येतात का?

येतात, आणि हा प्रश्न मला आवडतो. जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, काना-मात्रांसकट. ‘दर’, ‘आवक’, ‘समिती’ ही वैध नावं आहेत. कॉम्पोनंटचं नाव कॅपिटलने सुरू व्हावं हा नियमही आड येत नाही, कारण टाइपस्क्रिप्ट आणि बेबल फक्त एवढंच बघतात की पहिलं अक्षर इंग्रजीतलं लहान अक्षर आहे का. तुमची भावपट्टी कॉम्पोनंटच समजली जाते. अडचण दोन ठिकाणी येते. ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनाचा हुकचा नियम कॅपिटल इंग्रजी अक्षर शोधतो आणि देवनागरी नावाच्या फंक्शनमध्ये हुक दिसलं की तक्रार करतो. आणि ग्राफक्यूएलमध्ये फील्डच्या नावात फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात. टीममधल्या सगळ्यांना टाइप करता येत असेल तर प्रॉप्सची नावं जरूर देवनागरीत ठेवा. कॉम्पोनंट आणि स्कीमा इंग्रजीत बरे.

आकड्यांचं मात्र सांभाळा. दाखवताना ‘एमआर-आयएन’ दिलं की नंबरफॉरमॅट देवनागरी आकडे आणि लाखाच्या हिशेबाने स्वल्पविराम देतं. पण उलटा प्रवास होत नाही: वापरणाऱ्याने ‘१८५०’ देवनागरीत लिहिलं आणि तुम्ही ते ‘नंबर’मध्ये टाकलं तर नॅन मिळतं. आधी आकडे बदलून घ्या, आणि दराच्या प्रॉपचा टाइप शेवटपर्यंत नंबरच ठेवा. मजकूर करायचा तो अगदी पडद्यावर लिहिताना.

‘अ‍ॅज’ लिहून टाइप लादला तर चालेल?

टेस्टमधल्या नकली डेटासाठी, क्वचित. सर्व्हरच्या उत्तरावर नको.

एवढं वेगळं केल्यावर टेस्ट कशाची करायची?

आतल्या भावतक्त्याची, नेटवर्कशिवाय. त्याला ‘दिलेलं’ आणि ‘आणलेलं’ हाताने द्या आणि काय दिसतं ते बघा. मी चार टेस्ट नेहमी लिहितो. दर आले आहेत. आवक आली पण कमीत कमी आणि जास्तीत जास्त दर एकच आहे. एरर आली आणि पुन्हा प्रयत्न करायचं बटण दिसतंय. आणि लिलाव बंद आहे: तिथं तक्त्यात ‘आज लिलाव नाही’ हे शब्द असलेच पाहिजेत आणि कुठेही शून्य असता कामा नये.